नायिकेचा आउट टाइम लिहा : मराठी वाहिन्या आणि मालिका निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख
आणि मराठी दैनंदिन मालिकांचे निर्माते

विषय : मालिकांत काम करणाऱ्या अभिनेत्रींचे कामाचे तास, मानधन आणि करार

सस्नेह नमस्कार.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांविषयीच्या संहितेने मालिकेतल्या कलाकाराला कायद्यात एक नाव दिले : दृक्‌श्राव्य कामगार. १९८१ चा सिने कामगार कायदा कथाचित्रपटापुरता होता, मालिका त्यात बसतच नव्हती. नव्या संहितेत दूरचित्रवाणी मालिका, वेबमालिका, रिअॅलिटी शो हे सगळे आले. कलाकाराशी लेखी करार करायचा, तो सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवायचा, त्यात कामाचे स्वरूप, मोबदला, कामाचे तास, आरोग्य, सुरक्षितता, सोयीसुविधा लिहायच्या आणि तंटा झाला तर तो कुठे सोडवायचा हेही लिहायचे, एवढे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

सेटवर मात्र मेकअप चालू असताना सहीसाठी जो कागद पुढे येतो, तो जुनाच आहे. इंग्रजीत, एकतर्फी आणि घाईत वाचायचा. यावर गप्प राहणे आता आम्हाला जमणार नाही. हे पत्र बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर ठेवतो आहोत, कारण ज्या घरांत आम्ही रोज संध्याकाळी जातो त्या घरांनाही तो अर्धा तास कसा तयार होतो हे कळायला हवे.

आम्ही म्हणजे मालिकांत नायिका, खलनायिका, सासू, जाऊ, नणंद, आत्या, शेजारीण अशी कामे करणाऱ्या अभिनेत्री. आमची चूल या कामावर पेटते. वाहिन्यांचीही पेटते. ‘दामिनी’ने सह्याद्रीवर रोजच्या मालिकेची सवय लावली. १९९९ मध्ये खासगी मराठी वाहिनी आली आणि ‘आभाळमाया’तल्या सुधा जोशीने सुशिक्षित, नोकरी करणारी बाई घराघरांत नेली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षे. या सगळ्यांच्या केंद्रस्थानी बाई आहे. पोस्टरवर ती, प्रोमोत ती, जाहिरातदारासमोर ठेवायच्या आकड्यांमागेही तीच. हिशेबाच्या वहीत मात्र ती रोजंदारीवर.

तासांपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बहुतेक त्यातूनच निघते.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा भाग जातो. सोमवार ते शनिवारचे सहा भाग म्हणजे १३२ मिनिटे. रविवारी एक तासाचा महाएपिसोड लावला की आणखी ४४. आठवड्याची बेरीज १७६ मिनिटे, म्हणजे दर सात दिवसांनी जवळजवळ तीन तासांचा एक सिनेमा. सगळे सुरळीत चालले तर एक युनिट दिवसाला सरासरी एक भाग उरकते. सात दिवसांत आठ भाग हवे असतील तर हिशेब पहिल्याच दिवशी एका भागाने तुटलेला असतो, आणि ती तूट शिफ्ट लांबवून भरून काढली जाते. दुसरे युनिट लावले तरी नायिका एकच. ती एका सेटवरून उठून, त्याच मेकअपमध्ये गाडीत बसून दुसऱ्या सेटवर जाते.

ही तूट येते कुठून? मालिका सुरू होण्याआधी काही भागांची बँक, म्हणजे चित्रित करून ठेवलेला साठा, तयार असते. गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे येतात. आकडा घसरला की शुक्रवारी ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, बदलतो, लिहून झालेले भाग बाजूला पडतात, चित्रित केलेले सीनही कधी कधी काढून टाकले जातात. बँक आटत जाते. मग सकाळी शूट, दुपारी एडिट, संध्याकाळी वाहिनीकडे, रात्री प्रक्षेपण अशी वेळ येते. सीनचा कागद शॉटच्या आधी वीस मिनिटे व्हॉट्सअॅपवर येतो, त्यात दीड पानाचे स्वगत असते आणि ते पाठ करायचे असते. प्रॉम्प्टिंगवर काम निभते, पण त्या स्वगताचे काय होते ते पडद्यावर दिसते. मग ‘नायिका कृत्रिम वाटते’ हा शेराही नायिकेच्याच नावावर पडतो. लेखकांचेही हाल याच कारणाने होतात आणि त्यांचे नाव तर पाटीवरून क्षणात जाते. ते त्यांच्या बाजूने बोलतीलच.

आता एका दिवसाचे घड्याळ पाहा. घोडबंदर रोडवरच्या बंगल्यात सकाळी सातचा कॉल, म्हणजे हजर राहायची वेळ. डोंबिवलीत राहणारी अभिनेत्री साडेपाचला घर सोडते. साधा मेकअप आणि केस यांना पाऊण तास लागतो. नऊवारी, खोपा, नथ, ठुशी, पाटल्या असा थाट असेल तर दीड तास. पहिला शॉट नऊला. बारा तासांची शिफ्ट कॉलटाइमपासून मोजली तर संध्याकाळी सातला पॅकअप व्हायला हवे. कित्येक सेटवर ती पहिल्या शॉटपासून मोजतात, म्हणजे नऊला. दागिने मोजून परत देणे, मेकअप उतरवणे, पिना काढणे यात पाऊण तास जातो. घरी पोचायला सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातचा कॉल. जेवण आणि उद्याची पाने धरली तर झोपेला पाच तासही उरत नाहीत. हा एखाद्या अडचणीच्या दिवसाचा हिशेब नाही, महिन्यातल्या बावीस ते पंचवीस दिवसांचा आहे.

कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या शूटिंगच्या तक्त्यावर, इन टाइम लिहिला जातो. आउट टाइमचा रकाना रिकामा राहतो, किंवा नसतोच. सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. बाहेर पडल्याची वेळ कुठेच लिहिली नाही की जादा तास सिद्ध होत नाहीत, जादा तासांचे पैसे मागता येत नाहीत, दोन शिफ्टमधली विश्रांती मोजता येत नाही, आणि रात्री घरी सोडायची जबाबदारी कोणाची हेही ठरत नाही. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेच्या अटी पाळायला हव्यात, असे नवी संहिता म्हणते. नऊ ते नऊची शिफ्ट म्हणजे दररोज दोन तास या नियमात येतात. ती संमती आजवर कोणी विचारली? कागदावर तर दिसत नाही.

मोबदला ‘पर डे’ असतो. आठ तासांत सुटका झाली तरी तेवढाच, पंधरा तास लागले तरी तेवढाच. त्यामुळे शिफ्ट लांबली तर नुकसान फक्त एका बाजूचे होते, आणि ज्याला नुकसान नाही तो वेळ वाचवायच्या भानगडीत पडत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. इथे आकडे मांडल्याशिवाय समजणार नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. दर हिशेबापुरता धरला आहे.

दिवसाला १२,००० रुपये आणि महिन्यात २२ दिवस, म्हणजे २,६४,००० रुपयांचे बिल. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाते, म्हणून जीएसटी नोंदणी आली. १८ टक्क्यांनी ४७,५२० रुपये. १० टक्के टीडीएस कापला जातो, तो २६,४००. मार्चचे बिल ३१ मार्चला दिले की त्यावरचा जीएसटी २० एप्रिलपर्यंत भरावा लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. सेवेवरचा कर बिलाच्या तारखेला धरला जातो, पैसे हातात पडल्याच्या नाही. आणि पैसे मिळतात नव्वद दिवसांनी, म्हणजे जूनच्या अखेरीस. तोपर्यंत एप्रिलच्या बिलाचा कर २० मेला आणि मेच्या बिलाचा २० जूनला भरून झालेला असतो. पहिला रुपया हातात यायच्या आधी अभिनेत्रीने स्वतःच्या खिशातून १,४२,५६० रुपये सरकारात भरले. त्याच दिवशी तिचे मार्च ते जून असे चार महिन्यांचे, म्हणजे ८८ दिवसांचे, १०,५६,००० रुपये येणे आहेत. मालिका अचानक बंद झाली तर हीच रक्कम अडकते. मग फोन उचलले जात नाहीत, ‘वाहिनीकडून आले नाहीत’ असे उत्तर मिळते, आणि कापलेला टीडीएस खरोखर भरला का हे पाहायला दर तिमाहीला आयकराच्या खात्यात डोकवावे लागते.

निर्मात्यांची अडचण आम्हाला माहीत आहे. वाहिनी भागामागे पैसे देते, तेही भाग प्रक्षेपित झाल्यावर, बिल मंजूर होऊन. मधल्या काळात सेटचे भाडे, जनरेटर, कॅमेरा, जेवण हे सगळे रोखीने द्यावे लागते. निर्माता कर्ज काढतो आणि ज्याला थांबवता येईल त्याला थांबवतो. जनरेटरवाला थांबत नाही. कलाकार थांबतो, कारण त्याचा चेहरा मालिकेत अडकलेला असतो. म्हणून हे पत्र दोघांनाही आहे. वाहिनीने निर्मात्याचे पैसे वेळेत मोकळे केल्याशिवाय निर्माता आमचे मोकळे करणार नाही, आणि वाहिनीने केले तरी तो करीलच असे नाही. त्यासाठी कागदावर तारीख हवी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत २००६ पासून आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. आमच्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी सेवा व्यवसाय म्हणून या कायद्याखालची उद्यम नोंदणी करून घ्यावी आणि तो क्रमांक बिलावर छापावा. हे आमच्याच मैत्रिणींसाठी लिहीत आहोत.

छोट्या भूमिका करणाऱ्यांचे हाल वेगळे आहेत. दर कमी, दिवस महिन्यात सहा-सात, वरून साड्या स्वतःच्या आणायच्या. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे आधीच्या सीनशी मेळ राहावा म्हणून, तीच साडी पुन्हा लागते, म्हणून ती धुवून, इस्त्री करून तयार ठेवायची. साडीवर ग्रेव्ही सांडली तर भरपाई नाही. काम मिळवून देणाऱ्या समन्वयकाचे कमिशन वजा करून जे उरते त्यात गाडीभाडे जाते.

करारावर येतो.

बहुतेक करारांत अनन्यतेचे कलम असते : दुसऱ्या वाहिनीवर काम नाही, जाहिरातीला परवानगी हवी, नाटकाला परवानगी हवी. मराठी अभिनेत्रीसाठी यातला शेवटचा भाग सगळ्यात जड. शनिवार-रविवारचे प्रयोग, मग ते दादरला असोत, पार्ल्यात किंवा पुण्याला, यांच्या तारखा महिनाभर आधी लागतात. नाट्यगृह, तिकिटे, बारा माणसांचा संच त्यावर उभा असतो. मालिकेचे वेळापत्रक मात्र दोन दिवस आधी कळते. तारीख दिलेली असूनही शनिवारी सकाळी ‘फक्त दोन सीन’ म्हणून बोलावले जाते, आणि प्रयोगाच्या तिसऱ्या घंटेला नायिका वाशीच्या खाडीपुलावर असते. नाटकाने तुम्हाला तयार कलाकार दिले आहेत. त्याच्या तारखा मोडणे थांबवा.

अनन्यता घ्यायची असेल तर दिवसांची हमीही द्यायला हवी. महिन्याला पंधरा दिवसांची हमी लिहिलेली असते, पण ट्रॅक थंडावला की सहा दिवस बोलावतात आणि उरलेल्या नऊचे काय याबद्दल करार गप्प. दुसरीकडे काम करायलाही बंदीच. सोडण्याचे कलमही असेच वाकडे आहे : अभिनेत्रीने सोडायचे तर एक महिन्याची किंवा त्याहून मोठी नोटीस, निर्मात्याने काढायचे तर नोटीसच नाही. पात्र परदेशी जाते, अपघातात सापडते, कोमात जाते, आणि हे तिला सीनच्या कागदावरून कळते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये शनाया करणारी रसिका सुनील शिक्षणासाठी अमेरिकेला गेली, ईशा केसकर आली, पुढे रसिका परतली आणि तिन्ही वेळा मालिका चालू राहिली. प्रेक्षक बदल स्वीकारतात. म्हणजे आजारपण, शिक्षण, बाळंतपण यासाठी कलाकाराला सन्मानाने वाट देणे कथेच्या दृष्टीने शक्य असते. अडते ते ठरवण्यात.

बाळंतपणाचेच घ्या. पगारदार बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे. व्यावसायिक शुल्काच्या बिलावर काम करणाऱ्या अभिनेत्रीला एक दिवसाचीही नाही. त्यामुळे बातमी लपवली जाते. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत जिन्यावरून पडण्याचे, धक्काबुक्कीचे, पावसाचे सीन अभिनेत्री तसेच देत राहतात, कारण सांगितले तर भूमिका जाईल ही भीती. हे धोक्याचे आहे आणि युनिटला कळत नसल्याने सावधगिरी घेणेही शक्य होत नाही. भीतीचे कारण काढा, बातमी आपोआप वेळेवर कळेल.

आणखी एक कलम अलीकडे जाड झाले आहे. कलाकाराचा चेहरा, आवाज आणि अभिनय ‘आज माहीत असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ वापरण्याचा हक्क. पूर्वी याचा अर्थ डीव्हीडी आणि पुनःप्रक्षेपण एवढाच होता. आता तुमच्याकडे साठलेल्या हजारो तासांच्या चित्रणातून आमच्यासारखी दिसणारी, बोलणारी बाई संगणकावर तयार करता येते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने सादरकर्त्याला व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला. मालिकांत तो कागदावरच राहिला. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबले, तेव्हा जुन्या मालिका पुन्हा दाखवून वाहिन्यांनी दिवस काढले. त्या मालिकांतले कलाकार त्या वेळी घरी बसलेले होते, बिनकामाचे.

शरीराबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण बोलले नाही तर बदलत नाही.

तीन मिनिटांचा रडण्याचा सीन. आधी मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा लांबून घेतलेला शॉट, मग समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोज, मग समोरच्याचे क्लोज चालू असताना त्याला क्यू देण्यासाठी पुन्हा. प्रत्येकी दोन-तीन टेक धरले तर डोळ्यांत पाणी आठ ते बारा वेळा आणायचे. ग्लिसरीन डोळ्याच्या पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेते, म्हणून चुरचुरते आणि पाणी येते. दिवसभरात ते बारा वेळा लावले तर डोळे लाल होतात, सुजतात, आणि त्यात कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर इजा होऊ शकते. थेंब डोळ्यात न टाकता खालच्या पापणीच्या कडेशी लावणे, लेन्स काढून ठेवणे, निर्जंतुक आयवॉश जवळ असणे, एका कलाकाराचे ड्रॉपर दुसऱ्याला न वापरणे. चार गोष्टी, खर्च जवळजवळ नाहीच. तरीही एकच बाटली सेटभर फिरते.

टेकच्या वेळी एसी आणि पंखे बंद करावे लागतात, आवाज माइकमध्ये येतो म्हणून. बंगल्याच्या खिडक्यांना बाहेरून काळे कापड, आत दिवे, अंगावर काठपदराची जड साडी. मे महिन्यात तीन सलग सीनमध्ये घाम आणि मेकअप यांचा थर होतो. इमिटेशन दागिन्यांतल्या निकेलने मानेला पुरळ उठते. दोन सीनमध्ये दहा मिनिटांचा थंड खोलीतला विराम हवा, तो लाइटिंगच्या वेळात सहज बसतो.

साताऱ्याला, वाईला, भोरला बाहेर शूटिंग असले की शौचालय लांब असते किंवा चाळीस माणसांत एकच असते. नऊवारी सोडून पुन्हा नेसायला वीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ कोणी देत नाही. म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. लघवीचा जंतुसंसर्ग हा आमच्या व्यवसायातला नेहमीचा आजार झाला आहे आणि त्याचे कारण कॉलशीटमध्ये आहे. टँकरच्या पाण्याने पाऊस पाडता तेव्हा ते पाणी कुठल्या विहिरीचे हेही विचारत चला. ते डोळ्यांत, नाकात, तोंडात जाते.

मेकअप रूममध्ये एक गोष्ट सुधारली, तीही न्यायालयामुळे. मेकअप आर्टिस्ट म्हणून बायकांना संघटनेचे कार्ड नाकारले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी चारू खुराणा यांच्या याचिकेवर ती बंदी मोडली. त्याला दशक उलटले. सेटवर बाई मेकअप आर्टिस्ट अजूनही अपवादानेच दिसते.

आणि आशालताबाई. गोव्यात जन्मलेल्या, गोवा हिंदू असोसिएशनच्या रंगभूमीवर घडलेल्या, ‘मत्स्यगंधा’तल्या गाण्यांनी महाराष्ट्राच्या कानात बसलेल्या आशालता वाबगावकर. साताऱ्यात एका मालिकेचे चित्रीकरण चालू असताना त्यांना कोरोना झाला आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी तिथेच त्या गेल्या. वय ७९. युनिटमधल्या इतरही अनेकांना लागण झाली होती. त्याच्या आधीच्या महिन्यात, ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी घालणारा सरकारी नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. ते बरोबरच झाले, ज्येष्ठांना कामाचा हक्क आहे. पण काम करायला परवानगी मिळणे आणि ते काम सुरक्षित असणे या दोन गोष्टी आहेत, दुसरीची जबाबदारी कोणाची हे आजही लिहिलेले नाही. आज सत्तरीच्या पुढच्या आजी मालिकांत बाराच तासांच्या शिफ्टवर आहेत. त्यांचे सीन सकाळी सलग लावून दुपारी सोडणे हे शेड्युलरच्या एका तासाच्या कामाने जमते.

चित्रनगरीतले अपघातही आठवा. १० मार्च २०२३ ला गोरेगावला एका हिंदी मालिकेच्या सेटला आग लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्याच एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरला. चित्रनगरी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्या तिथलाच रहिवासी आहे. प्लायवूड, थर्माकोल, पडदे आणि गरम दिवे एका छताखाली असतात आणि बाहेर पडायचा दरवाजा कित्येकदा फर्निचरने अडवलेला असतो. ही गोष्ट एका फेरफटक्यात तपासता येते.

आमच्या मागण्या अशा.

कॉलशीटवर इन टाइमशेजारी आउट टाइमचा रकाना घाला. वेळ मेकअपला बसल्यापासून मोजा, मेकअप उतरवेपर्यंत. कलाकाराची सही घ्या आणि प्रत त्याच रात्री तिच्या फोनवर पाठवा. बारा तासांच्या पुढे प्रत्येक तासाला जादा मोबदला, आणि आउट टाइम ते पुढचा कॉल यांत किमान बारा तास. रात्री नऊनंतर सुटणाऱ्या प्रत्येक बाईला, ती नायिका असो की हेअरड्रेसर, दारापर्यंत गाडी.

बिल दिल्यापासून तीस दिवसांत पैसे. वाहिनी-निर्माता करारातच अशी अट घाला की कलाकारांचे मागील महिन्याचे पैसे चुकते झाल्याचा दाखला जोडल्याशिवाय पुढचा हप्ता सुटणार नाही. मालिका बंद करताना उरलेली देणी वाहिनीने निर्मात्याच्या शेवटच्या बिलातून थेट द्यावीत.

करार मराठीत, सही करण्याच्या सात दिवस आधी हातात, आणि नोंदणीकृत. दृक्‌श्राव्य कामगाराची व्याख्या मोबदल्याच्या मर्यादेशी बांधलेली आहे आणि ती मर्यादा केंद्र सरकार ठरवते. नायिकेचे मानधन तिच्या वर गेले म्हणून तिला वेगळा, संरक्षण नसलेला करार देऊ नका. सगळ्यांना एकच नमुना लावा, कायद्याची सक्ती असो वा नसो. अनन्यता हवी असेल तर हमीच्या दिवसांचे पैसे, बोलावले नाही तरी. नोटीस दोन्हीकडून सारखी. नाटकाच्या आधी कळवलेल्या तारखा बंधनकारक. चेहरा आणि आवाज यांची संगणकीय नक्कल करण्यासाठी दर वेळी वेगळी लेखी संमती आणि वेगळा मोबदला.

किमान सहा भागांची बँक असल्याशिवाय महाएपिसोड जाहीर करू नका. ही मागणी फक्त वाहिन्यांना आहे, निर्मात्याच्या हातात ती नाही.

गरोदर अभिनेत्रीला भूमिका राखून ठेवण्याची लेखी हमी, आणि रजेच्या काळात हमीच्या दिवसांपैकी निम्म्यांचे तरी मानधन. प्रत्येक युनिटला गट आरोग्य विमा, ज्यात दिवसाच्या बोलीवर येणारेही असतील. कोरोनानंतर चित्रीकरण सुरू करताना विम्याची अट मान्य झाली होती, म्हणजे ती अशक्य नाही.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या जागी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. मालिकेच्या सेटवर शंभरावर असतात. समितीच्या अध्यक्ष आणि बाहेरच्या सदस्य यांची नावे व फोन नंबर रोजच्या कॉलशीटवर छापा. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते आणि कोणाकडे जायचे हे शोधण्यातच ती निघून जाते.

स्वच्छ शौचालय : वीस बायकांमागे एक, बाहेरच्या शूटिंगला फिरते. आगीच्या वेळी बाहेर पडायचे दोन मोकळे दरवाजे, रोज सकाळी तपासून.

या मागण्यांवर बसून बोलायची आमची तयारी आहे. खर्चाचे आकडे घेऊन या, आम्हीही आणू. पंधरा दिवसांत वेळ कळवावी. तोवर आम्ही एक गोष्ट स्वतःच सुरू करत आहोत : या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून प्रत्येक जण सेटवरून निघताना आपला आउट टाइम वहीत लिहील आणि सोबत काम करणाऱ्या एका व्यक्तीची त्यावर सही घेईल. बोलणीच्या दिवशी त्या वह्या टेबलावर असतील.

आपल्या,
मराठी मालिकांतील अभिनेत्री

प्रत माहितीसाठी : कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन